तबकडीची नाडी

लालबागच्या एका जुन्या चाळीत, तळमजल्यावर, फोटोचे एक लहानसे दुकान आहे असे समजा. दुकानदाराला चाळीतील लहानथोर सगळे ‘काका’ म्हणतात. गेल्या वीस वर्षांत त्या वस्तीत झालेली लग्ने आणि निकाह, बारशी, गणपतीच्या मिरवणुका, शाळांची स्नेहसंमेलने या सर्वांचे फोटो काकांनी काढले. त्याआधी त्यांच्या कपाटात निगेटिव्हचे डबे असत. आता सारे फोटो संगणकात आहेत. हा संगणक काकांनी ग्रँट रोड स्टेशनजवळच्या बाजारातून जुना विकत घेतला आणि त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली बसवून घेतली.

एके सकाळी एक बाई दुकानात आल्या. त्यांचे वडील आठवड्यापूर्वीच वारले होते. घरात वडिलांचा चांगला असा एकही फोटो नव्हता.

“सहा वर्षांपूर्वी माझ्या लग्नात तुम्ही त्यांचा एक फोटो काढला होता. तो मिळेल का?” त्यांनी विचारले.

काकांनी त्या लग्नाचे फोटो उघडले. पडद्यावर पहिले काही फोटो आले आणि मग सारे जागच्या जागी थांबले. संगणकाच्या पेटीतून आवाज येऊ लागला. टक्, टक्, टक्. थोडा वेळ शांतता. पुन्हा टक्, टक्.

“जुना झालाय बिचारा. बंद करून पुन्हा चालू करतो,” काका म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी तीन वेळा असेच केले होते.

वरच्या मजल्यावर राहणारी एक मुलगी तंत्रनिकेतनात शिकते. चाळीतील मुले तिला ‘आपा’ म्हणतात. ती त्याच वेळी दुकानात आली होती. तो आवाज ऐकताच ती म्हणाली, “काका, थांबा. त्याला पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका.”

आपाने असे का म्हटले, हे कळण्यासाठी पेटीच्या आत काय असते ते पाहावे लागेल.

संगणकाची कायमची स्मृती बऱ्याच वेळा हार्ड डिस्क नावाच्या उपकरणात असते. डिस्क म्हणजे तबकडी. मराठीत पूजेच्या किंवा पानसुपारीच्या ताटाला ‘तबक’ म्हणतात आणि उर्दूत ‘तबक’ म्हणजे थाळी, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ‘तबकडी’ हा शब्द त्याच घरातला. हार्ड डिस्कच्या बंद डबीत अशा एक किंवा अधिक गुळगुळीत तबकड्या एका दांड्यावर बसवलेल्या असतात. या दांड्याला इंग्रजीत स्पिंडल म्हणतात.

लालबाग-परळच्या माणसाला हा शब्द नवा नाही. हा सारा भाग गिरणगाव म्हणून ओळखला जातो. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला मुंबईच्या पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली आणि पुढे शेकडो हजार स्पिंडले, म्हणजे चात्या, या परिसरात सूत कातू लागल्या. चातीचे बेअरिंग झिजले की तिचा आवाज बदलतो. जुन्या कामगाराला तो आवाज यंत्र न पाहताही ओळखू येई. हार्ड डिस्कचेही तसेच आहे. फरक इतकाच, की इथली चाती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे. तबकडीची कड त्या वेळी ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असते. आपली लोकल गाडीसुद्धा इतक्या वेगाने जात नाही.

तबकडीच्या पृष्ठभागावर चुंबकीय लेप असतो. त्या लेपावर अतिसूक्ष्म चुंबकीय खुणा करून माहिती लिहिली जाते. लिहिण्याचे आणि वाचण्याचे काम एका हलत्या दांडीच्या टोकाशी असलेले हेड करते. हेड तबकडीला स्पर्श करीत नाही. तबकडी फिरल्यामुळे हवेचा जो पातळ थर निर्माण होतो, त्यावर ते तरंगते. तबकडी आणि हेड यांच्यातील अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतके असते. धुळीचा एक कण त्या मानाने डोंगरच म्हणायचा. म्हणून हार्ड डिस्कची डबी घरी उघडून पाहण्याचा मोह कधीही होऊ देऊ नये. डबी उघडली, की आतील माहिती वाचवणे तज्ज्ञालाही फार कठीण जाते.

ही विद्या फार जुनी नाही. जगातील पहिली हार्ड डिस्क आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ साली बनवली. तीत प्रत्येकी दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. यंत्र कपाटाएवढे मोठे आणि सुमारे एक टन वजनाचे होते. काकांची डिस्क तळहातावर मावते आणि तीत एक लाख कोटी अक्षरांना जागा आहे. एवढी माहिती सापडायची कशी? त्यासाठी डिस्कवरच एक यादी लिहिलेली असते. कोणता फोटो कोणत्या जागी आहे, हे त्या यादीत असते. मराठीत यादीला ‘फेरिस्त’ असाही एक शब्द आहे. तुमचा ‘फेहरिस्त’ तोच. ही फेरिस्त बिघडली, तर फोटो जागेवर असूनही सापडत नाहीत.

आता त्या ‘टक्’ आवाजाकडे वळू. हेडला आपली जागा सापडली नाही, की ते मागे सरकून पुन्हा प्रयत्न करते. असे वारंवार झाले की टकटक ऐकू येते. हेड दुबळे झाले असेल, तर डिस्क चालू करताना त्यावर ताण येतो. तबकडीला ओरखडा पडला असेल, तर फिरत्या तबकडीवर तो वाढत जातो. काका ज्याला साधा उपाय समजत होते, त्याने दुखणे वाढण्याचाच धोका होता.

परंतु केवळ आवाजावरून निदान करणे बरोबर नाही. हकीम नब्ज पाहतो, वैद्य नाडी पाहतो, पण दोघेही रोग्याला चार प्रश्न विचारतात. आपानेही तेच केले. पडद्यावर टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहिण्याची काळी चौकट, उघडून तिने डी, एम, ई, एस, जी अशा पाच अक्षरांची एक आज्ञा टाइप केली.

लिनक्सचा हा एक गुण आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली या प्रणालीचा गाभा लिहायला सुरुवात केली. पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. ती कोणीही मोफत घ्यावी, आतून पाहावी, बदलावी. हा गाभा यंत्राच्या प्रत्येक भागाशी काय बोलणे झाले, त्याची सतत नोंद ठेवतो. वर सांगितलेली आज्ञा दिली की ही रोजनिशी पडद्यावर उलगडते. बहुतेक लोक ती कधीच वाचत नाहीत, कारण ती इंग्रजीत असते आणि दिसायला रुक्ष असते. पण यंत्र बिघडले की तिच्याइतका खरे बोलणारा साक्षीदार दुसरा नाही.

काकांच्या संगणकाच्या रोजनिशीत त्या सकाळच्या पंचवीस-तीस ओळी जवळजवळ सारख्याच होत्या. अमुक क्रमांकाचा सेक्टर वाचता आला नाही, पुन्हा प्रयत्न केला, वाचता आला नाही. सेक्टर म्हणजे तबकडीवरील माहितीचा सर्वांत लहान कप्पा. काकांच्या डिस्कवर असे सुमारे २४ कोटी कप्पे होते. आपाने दोन सेक्टरांचे क्रमांक वहीत लिहून घेतले आणि संगणक रीतसर बंद केला.

“म्हणजे डिस्क गेली?” काकांनी विचारले.

“अजून तसं म्हणता येणार नाही. कधी कधी केबल सैल असते आणि आपण डिस्कला दोष देतो,” आपा म्हणाली.

हे तिचे बोलणे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुंबईची हवा खारी आणि दमट. विजेच्या जोडांवर गंज चढतो. केबल सैल झाली, तरी संगणक असाच अडखळतो. म्हणून डिस्क फेकण्याआधी केबल काढून पुन्हा नीट बसवावी, शक्य तर दुसरी लावून पाहावी. आपाने केबल बदलली. मग तिने संगणक काकांच्या डिस्कवरून सुरू न करता स्वतःच्या पेनड्राइव्हवरील लिनक्सवरून सुरू केला. अशा वेळी आजारी डिस्क केवळ जोडलेली राहते. तिच्यावर काहीही लिहिले जात नाही.

यानंतर तिने डिस्कची नाडी पाहिली. १९९० नंतरच्या दशकापासून हार्ड डिस्क स्वतःच स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवू लागल्या. या सोयीला ‘स्मार्ट’ असे नाव आहे. या नोंदी लिनक्सवर वाचण्यासाठी ‘स्मार्टमॉनटूल्स’ नावाची साधने वापरतात. ती २००२ साली ब्रूस ॲलन या भौतिकशास्त्रज्ञाने तयार करायला घेतली. ॲलन हे गुरुत्वीय लहरींचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक. त्यांच्याकडे हिशेबासाठी शेकडो संगणक एकत्र जोडलेले होते आणि त्यांतील कोणती डिस्क केव्हा बंद पडेल याची त्यांना काळजी होती. (याच गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यात एक वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. आकाशातील लहरी शोधणाऱ्या माणसाचे साधन लालबागच्या फोटोच्या दुकानात उपयोगी पडते, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते.)

पडद्यावर एक लांबलचक तक्ता आला. सर्वांत वर लिहिले होते: प्रकृती ठीक.

“बघ, ठीक आहे म्हणतंय!” काकांचा चेहरा उजळला.

“काका, तो शेरा सगळ्यात शेवटी बदलतो,” आपा म्हणाली. “आपण खालचे आकडे बघू.”

त्या तक्त्यात बरेच आकडे असतात, पण निदानासाठी मोजकेच कामाचे. पाचव्या क्रमांकाच्या ओळीत, निकामी झाल्यामुळे बदलून दिलेल्या सेक्टरांची संख्या असते. प्रत्येक डिस्कमध्ये काही राखीव सेक्टर असतात. एखादा सेक्टर खराब झाला की डिस्क त्याच्या जागी राखीव सेक्टर वापरू लागते. निरोगी डिस्कमध्ये हा आकडा शून्य असतो. काकांच्या डिस्कमध्ये तो ४८ होता. १९७ क्रमांकाच्या ओळीत, वाचता न आल्यामुळे संशयित ठरलेले सेक्टर मोजलेले असतात. ते होते १६. म्हणजे सोळा जागी काहीतरी लिहिलेले होते आणि ते डिस्कला वाचता येत नव्हते. १९९ क्रमांकाची ओळ प्रामुख्याने केबलच्या दोषाची. ती शून्य होती. केबल निर्दोष सुटली. नवव्या ओळीत डिस्क एकूण किती तास चालली तो आकडा असतो. तो ३१,००० होता. दुकान दिवसाला दहा तास उघडे असते असे धरले, तर ही साडेआठ वर्षांची नोकरी झाली.

एकच आकडा पाहून घाबरू नये. दहा-वीस सेक्टर बदललेल्या डिस्क वर्षानुवर्षे चालल्याचीही उदाहरणे आहेत. आकडा वाढत आहे का, हे पाहणे महत्त्वाचे. आपाने ते आकडे वहीत लिहिले आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहिले. संशयित सेक्टर १६ वरून २४ झाले होते.

या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा, याचा एक मोठा अभ्यास २००७ साली गुगल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी प्रसिद्ध केला. त्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कची नोंद तपासली. एखाद्या डिस्कच्या पृष्ठभागावर पहिला दोष सापडला, की पुढच्या साठ दिवसांत ती बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होते, असे त्यांना दिसले. पण त्याच अभ्यासात दुसरीही एक गोष्ट निघाली. बंद पडलेल्या डिस्कपैकी छत्तीस टक्क्यांहून अधिक डिस्कनी कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती. त्यांचे सगळे आकडे शून्य होते आणि तरी त्या गेल्या. म्हणजे आकडे वाईट असतील तर ते खरे मानावेत. आकडे चांगले असतील तर फार निश्चिंत राहू नये. आपल्याकडे सगळे खापर मे महिन्याच्या उकाड्यावर फोडतात. त्या अभ्यासात मात्र उष्णतेचा परिणाम अपेक्षेपेक्षा बराच कमी आढळला.

डिस्क स्वतःची सविस्तर तपासणीही करू शकते. छोटी तपासणी दोन मिनिटांत होते. मोठी काही तास चालते आणि संपूर्ण पृष्ठभाग वाचून काढते. काका म्हणाले, “मग ती मोठी तपासणी कर ना, पोरी. एकदाचं कळू दे.”

आपाने नकार दिला. “काका, तिच्यात अजून किती दम आहे ते आपल्याला माहीत नाही. जेवढा आहे, तेवढा नक्कल करण्यात खर्च करू. तपासणी मागाहून.”

नक्कल! डॉक्टर आधी तपासतो आणि मग औषध देतो. इथे क्रम उलटा आहे. डिस्क आजारी असल्याची खात्री पटली, की आधी तिची नक्कल करायची आणि पुढचे सगळे प्रयोग त्या नकलेवर करायचे. बरेच लोक इथेच चुकतात. लिनक्समध्ये एफएससीके नावाची एक आज्ञा फेरिस्त दुरुस्त करते. चांगल्या डिस्कवर ती फार उपयोगी. आजारी डिस्कवर मात्र ती घातक ठरू शकते, कारण दुरुस्ती म्हणजे लिहिणे, आणि अर्धवट वाचलेल्या फेरिस्तीवर नवे लिहिले तर उरलेलेही जाते. कोणी डिस्क फ्रीजमध्ये ठेवायला सांगतात. मुंबईच्या दमट हवेत फ्रीजमधून काढलेल्या वस्तूला घाम सुटतो, हे बर्फाचा पेला पाहिलेल्या कोणालाही माहीत आहे. तो घाम तबकडीवर बसला तर काय होईल, ते सांगायला नको.

काका लॅमिंग्टन रोडवर गेले. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. रेडिओचे सुटे भाग आणि संगणक यांच्या दुकानांसाठी तो मुंबईभर प्रसिद्ध आहे. आपाने सांगितल्याप्रमाणे त्यांनी जुन्या डिस्कपेक्षा लहान नसलेल्या दोन नव्या डिस्क आणल्या.

आता सर्वांत नाजूक काम होते. लिनक्स पहिल्या डिस्कला बहुधा एसडीए म्हणते, दुसरीला एसडीबी. नक्कल करण्याच्या आज्ञेत आधी मूळ डिस्कचे नाव आणि मग नव्या डिस्कचे नाव लिहायचे असते. हा क्रम उलटा झाला, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि वीस वर्षे पुसली जातात. लिनक्स अशा वेळी बहुधा ‘नक्की का?’ असे विचारत नाही. म्हणून आपाने काकांना दोन्ही डिस्कवरील अनुक्रमांक मोठ्याने वाचायला लावले आणि ते पडद्यावरील क्रमांकांशी ताडून पाहिले. एकदा नव्हे, दोनदा. मगच तिने आज्ञा दिली.

तिने वापरलेल्या साधनाचे नाव ‘डीडीरेस्क्यू’. ते अंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिले आहे. साधी नक्कल करणारी आज्ञा खराब सेक्टर आला की तिथेच अडून बसते. डीडीरेस्क्यू तसे करीत नाही. परीक्षेत हुशार मुलगा जसा अवघड प्रश्न सोडून आधी सोपे प्रश्न लिहून टाकतो, तसे ते आधी सहज वाचता येणारा सारा भाग उतरवून घेते. अडलेल्या जागांची नोंद एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवते आणि शेवटी त्या जागांकडे परत येऊन धीराने प्रयत्न करते. मध्येच वीज गेली, तरी नोंद असल्यामुळे काम जिथे थांबले तिथून पुढे सुरू होते.

निरोगी डिस्कची एवढी नक्कल तीन-चार तासांत झाली असती. इथे दोन दिवस लागले. काका दर तासाला येऊन पडद्यावरचा आकडा पाहत. दुसऱ्या रात्री आकडा ९९ टक्क्यांच्या पुढे जाऊन रेंगाळला. टकटक वाढली. शेवटी सुमारे तीनशे सेक्टर वाचता आलेच नाहीत. डिस्क संगणकाला मुळीच दिसत नसती, किंवा सुरू होताच सारखी टकटक करून थांबत असती, तर हा मार्गही खुला नव्हता. तेव्हा ती लगेच बंद करून धूळविरहित खोली असलेल्या तज्ज्ञाकडेच न्यावी लागते आणि त्याचा खर्च एका नव्या डिस्कच्या कितीतरी पट असतो.

नक्कल पुरी झाल्यावर आपाने जुन्या डिस्कची मोठी तपासणी सुरू केली. ती दहाव्या टक्क्यालाच अयशस्वी होऊन थांबली.

पहिल्या नकलेवरून दुसरी नक्कल केली. ती काकांनी दुकानात ठेवली नाही. २६ जुलै २००५ या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांतील कितीतरी तळमजल्यांत पाणी शिरले, हे त्यांना आठवत होते. शिवाय दादर-परळच्या हिंदमाता भागात मोठ्या पावसात पाणी तुंबते, हे तर तिथला प्रत्येक दुकानदार जाणतो. काकांची बहीण दादरला तिसऱ्या मजल्यावर राहते. दुसरी डिस्क तिच्या कपाटात गेली.

तिसऱ्या दिवशी त्या बाई पुन्हा आल्या. काकांनी नव्या डिस्कवरून त्यांच्या लग्नाचे फोटो उघडले. त्यांपैकी चार उघडलेच नाहीत. वडिलांचा फोटो उघडला, पण त्याचा खालचा पाव भाग करड्या रंगाचा झाला होता. फोटोत फाइलचा जो तुकडा गेला, त्याच्या पुढचे सारे असे करडे दिसते. वडिलांचा चेहरा मात्र वरच्या भागात होता. फेटा, चष्मा, हसू, सगळे स्वच्छ. काकांनी करडा भाग कापून टाकला आणि फोटो मोठा करून छापला.